अडीच हजारांची काळजी, वीस हजारांचं भगदाड

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांचं पत्र आलंय. मुलगा यंदा कॉलेजला गेला. पहिल्या सेमिस्टरची फी ८,५०० डॉलर, राहणं-जेवण ७,५००. सगळे १६,००० त्यांनी ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीची करमुक्त बचत) काढले आणि मग कुणीतरी सांगितलं, आता अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या फीवर मिळणारी करसवलत, विसरा. "ते खरंच गेलं का?"

नाही गेलं. एकाच खर्चावर दोन्ही सवलती घेता येत नाहीत, एवढंच. क्रेडिटला ४,००० ची फी पुरते: पहिल्या दोन हजारांवर पूर्ण, पुढच्या दोन हजारांवर पाव, मिळून २,५००. राहणं-जेवण क्रेडिटला चालत नाही, ५२९ ला चालतं. म्हणून ४,००० पगारातून भरून खात्यातून १२,००० च काढायचे होते. आता ४,००० जादा काढले असं धरा. तुमच्या खात्यातल्या शिलकेपैकी ४० टक्के ही वाढ आहे, म्हणजे करपात्र रक्कम १,६००. २२ टक्क्यांनी कर साधारण ३५०. क्रेडिटपायी जादा ठरलेल्या रकमेवर १० टक्के दंडही लागत नाही. साडेतीनशे द्या, अडीच हजार घ्या. यापुढे बिल ज्या कॅलेंडर वर्षात भराल, त्याच वर्षात पैसे काढा.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय: "मुलीचं टेन्शन नाही. तिच्यासाठी सात वर्षं इंडेक्स युनिव्हर्सल लाइफ (शेअर निर्देशांकावर परतावा ठरणारा आयुर्विमा) भरतोय, महिना ६००. त्यासाठी ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतची निवृत्ती-बचत, पगाराच्या दोन टक्क्यांवर आणलंय."

अहो, टेन्शन तिथेच आहे!

पगार १,४०,०००. तुम्ही सहा टक्के टाकलेत तर कंपनी त्याच्या निम्मे, म्हणजे ४,२०० टाकते. दोन टक्क्यांवर तुम्हाला मिळतात १,४००. वर्षाला २,८०० फुकटचे सोडले, सात वर्षांत जवळजवळ २०,०००. आणि पॉलिसीत ५०,४०० भरून आज मोडली तर हातात ३१,०००.

एजंटने दाखवलेले सात टक्के हे नुसतं चित्र आहे, वचन नव्हे. परताव्याची वरची मर्यादा कंपनी बदलू शकते, निर्देशांकातला लाभांश तुम्हाला मिळत नाही. 'शून्याखाली जात नाही' म्हणतात, पण शून्याच्या वर्षीही विम्याचा खर्च कापला जातोच. फाफसाच्या, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीच्या, अर्जात पॉलिसी दाखवावी लागत नाही, हे खरं. पण तुमच्या घरी मदत अडते ती मुख्यतः पगारामुळे, बचतीमुळे नाही. (गणपतीच्या मंडपात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, मान्य.)

पुढच्या पगारापासून ४०१(के) सहा टक्के करा. विम्याची गरज असेल तर आधी साधा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला) हातात येऊ द्या. तोवर ही पॉलिसी मोडू नका. दरम्यान पॉलिसी मोडल्यावर कापली जाणारी रक्कम (सरेंडर चार्ज) दरवर्षी किती घटते, ते कंपनीकडून लेखी मागवा. एजंटकडून नको. नववीतल्या मुलीसाठी चार वर्षं आहेत. प्रीमियम सुटला की तिच्या नावाने ५२९ सुरू करा, जोखीम कमी ठेवून. मुलाच्या खात्यात काही उरलं तर तिथेही लाभार्थी म्हणून तिचं नाव घालता येतं. एक फॉर्म भरायचा, कमिशन नाही.