'डोकं कोरं होतं, मॅडम'

"सगळं येत होतं, पण ऐनवेळी डोकं कोरं झालं." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या इतक्या जणांनी हे वाक्य उच्चारलंय की 'सगळं येत होतं' एवढं ऐकलं की पुढचं मी मनातच पूर्ण करते. पूर्वी ते परीक्षेला बसणारी मुलं म्हणायची. आता सहा-सात वर्षं नोकरी झालेले, हाताखालच्यांना कामं वाटून देणारे सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणतात. निमित्त एकच, मोठ्या कंपनीतला टेक्निकल इंटरव्ह्यू.

त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. आठ भेटींतलं बोलणं इथे चार-पाच संवादांत आवरलंय, त्यामुळे वाचताना वाटेल तेवढं ते झटपट घडलेलं नाही.

तिशी नुकतीच ओलांडलेली, एका मध्यम कंपनीत बॅकएंडचं काम करणारी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, मला अगं-तुगंच करा, नाहीतर मला इथेही इंटरव्ह्यूच वाटेल." दोन मोठ्या कंपन्यांतून नकार आला होता, दोन्हीकडे कोडिंगच्या पहिल्याच फेरीत. तिसरीकडून बोलावणं आलं होतं आणि हातात पाच आठवडे होते. सोबत एक जाडजूड वही आणली होती. त्यात सोडवलेल्या चारशेहून जास्त प्रश्नांची यादी, सोपे हिरव्या शाईत, अवघड लाल. वही माझ्याकडे सरकवताना तिच्या चेहऱ्यावर 'आता तुम्हीच सांगा, अजून काय करू?' असा भाव होता.

मी विचारलं, "यातले किती प्रश्न कुणासमोर सोडवलेस?"

"समोर म्हणजे?"

"कुणीतरी बघतंय, असे."

"एकही नाही. रात्री सगळे झोपले की बसते मी."

म्हणजे चारशे प्रश्नांचा सराव झाला होता आणि इंटरव्ह्यूचा एकदाही नाही. पोहण्याची पुस्तकं वाचून पाण्यात उडी मारण्यासारखंच हे, फक्त पुस्तकं फार मन लावून वाचलेली. कुणी बघत असलं की हातात मुरलेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्येच मांडून ठेवलंय. हिचं कोडिंग मुरलेलं होतं. कच्चं होतं ते कुणाच्या नजरेखाली, तोंडाने बोलत विचार करणं.

तिचा या म्हणण्यावर विश्वास बसेना, म्हणून तिला 2020 मधल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचा प्रश्न घातला. काहींनी तो मुलाखतकारासमोर फळ्यावर, बोलत बोलत सोडवायचा, बाकीच्यांनी एकट्याने, दार लावून. बघणारा समोर असला की कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. समोर बसवलेल्यांपैकी एकाही मुलीला प्रश्न सुटला नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या मुलींपैकी प्रत्येकीला सुटला. संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी मठ्ठ नाही." सहा वर्षं चोख काम करणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगावं लागतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

खरं तर असं वाटायला या कंपन्यांची पद्धतही हातभार लावते. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा एखादा चांगला माणूस हातचा गेलेला परवडला, असा त्यांचा हिशोब असतो. शिवाय नकाराचं कारण बहुधा कळवत नाहीत. मग ती रिकामी जागा माणूस स्वतःच भरतो, आणि तिथे स्वतःबद्दल चांगलं लिहिणारा मला अजून भेटायचाय.

तिसऱ्या भेटीत नेमकं काय झालं होतं ते तिने सांगितलं. "मी बोलत होते आणि समोरचा माणूस हूं का चूं करेना. मान खाली घालून टाइप करत होता. मला वाटलं, झालं, लागला आपला निकाल. मग पुढचं काही सुचेचना."

"तुझ्या ऑफिसात तू इंटरव्ह्यू घेतेस का गं?"

"घेते की. महिन्याला दोन-तीन."

"समोरचा बोलत असताना काय करतेस?"

"ऐकते. लिहून घेते."

"आणि मान?"

इथे ती थांबली. "खालीच असते," म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

अशा इंटरव्ह्यूनंतर मुलाखतकाराला लेखी अभिप्राय द्यावा लागतो. काही कंपन्यांत तर अंतिम निर्णय घेणारे लोक उमेदवाराला भेटलेलेच नसतात, कागदावर जे उतरलं तेवढंच त्यांना दिसतं. म्हणून तो मान खाली घालून बसलेला माणूस एका परीने तुमचा कारकून असतो. तुम्ही बोललात तर त्याच्याकडे लिहायला काही असतं. मनातल्या मनात केलेला उत्तम विचार त्याच्या कागदावर येत नाही.

एवढ्याने सुटेल असं मलाही वाटलं होतं. सुटलं नाही. पुढच्या वेळी ती आली ती जास्तच घाबरून. "आता बोलायलाही जमलंच पाहिजे!"

हा 'च' ऐकला आणि मी सरसावून बसले. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची, हे लपवत नाही. प्रसंग आपल्याला घाबरवत नाही, त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःला जे बजावतो ते घाबरवतं, असं एलिस 1955 पासून सांगत आला. त्या बजावण्यात हट्टाचा 'मस्ट' कुठे लपलाय, हे तो शोधायचा. इंग्रजीला त्यासाठी आख्खा शब्द लागतो, मराठीत एका अक्षरात भागतं. जमलंच पाहिजे. आलंच पाहिजे. आता नाही तर कधीच नाही. गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या बोलण्यातले 'च' मोजतेय, आणि ही युक्ती माझी स्वतःची आहे असं मला वाटतं. कुणी आधी वापरली असेल तर आनंदच आहे.

पण ते तिला थेट सांगितलं नाही. म्हटलं, "ज्या प्रश्नावर अडकलीस तो मला समजावून सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

तिने कागदावर चौकोन काढले, बाणांनी जोडले. ही लिंक्ड लिस्ट. शेवटचा बाण मागे वळून मधल्याच एखाद्या चौकोनाकडे गेला तर त्यात चक्र तयार होतं. ते आहे की नाही, कसं ओळखायचं? "दोन पॉइंटर, म्हणजे कुठल्या चौकोनावर आहोत ते दाखवणाऱ्या दोन खुणा, सोडायचे. एक दर वेळी एक घर पुढे जाणार, दुसरा दोन. चक्र नसेल तर दुसरा शेवटाला पोचून बाहेर पडेल. चक्र असेल तर दोघं फिरत राहतील आणि कधीतरी भेटतीलच."

"भेटतीलच? चुकून नाही भेटले तर?"

"असं होणारच नाही. एकदा दोघं चक्रात शिरले की दर पावलाला त्यांच्यातलं अंतर एकाने कमी होतं. ते शून्यावर यायलाच हवं."

"म्हणजे हा 'च' तू सिद्ध करू शकतेस."

"हो."

"मग आता 'मला जमलंच पाहिजे' हा 'च' सिद्ध करून दाखव."

तिने खरोखर पेन उचललं. इंजिनिअर लोकांचं हे मला फार आवडतं, आव्हान दिलं की कागद ओढतात. एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. 'जमलं तर बरं होईल' याला तिच्याकडे डझनभर कारणं होती आणि ती सगळी खरी होती. 'च'ला एकही सापडेना. पाच मिनिटं झाली असतील. मी काही बोलले नाही, उठून फक्त खिडकी उघडली. शेवटी तिने पेन ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, हा च माझा नाहीच आहे. मी कुठून तरी कॉपी-पेस्ट केलाय." आणि रडली. छान रडली.

त्यानंतरचं काम साधं होतं. उरलेल्या दिवसांत नवे प्रश्न बंद. जुन्यांतलेच रोज दोन, पण कुणाला तरी समोर बसवून आणि मोठ्याने. बसणाऱ्याला कोडिंग कळायची गरज नाही. त्याने मान खाली घालून काहीतरी लिहीत राहायचं, हसायचं नाही, 'छान' म्हणायचं नाही. तिच्या बहिणीने ही भूमिका जरा जास्तच मनावर घेतली, असं नंतर कळलं. क्रमही ठरवला. आधी प्रश्न नीट विचारून घ्यायचा, मग छोटं उदाहरण हाताने करून दाखवायचं, मग सुचेल तो ओबडधोबड मार्ग बोलून टाकायचा आणि तो हळू का आहे तेही आपणच सांगायचं. चांगला मार्ग त्यानंतर. पंचेचाळीस मिनिटांत सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं ओळखीपाळखीत आणि शंका विचारण्यात जातात, म्हणून सराव पस्तीसचाच. डोकं कोरं झालं तर म्हणायचं वाक्यही तयार ठेवलं होतं: "मी एक मिनिट थांबून उदाहरणाकडे परत जाते." कोरं होणार नाही अशी हमी मी कुणालाच देत नाही, तसं झाल्यावर करायला काहीतरी हातात असावं एवढंच बघते. (ज्यांची झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलंय, त्यांनी मात्र एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना भेटावं.)

त्या तिसऱ्या कंपनीत, दुसऱ्या फेरीत तिचं डोकं कोरं झालंच. तिने ते वाक्य म्हटलं. समोरचा मान वर न करता म्हणाला, "सावकाश. माझं आधीचंच लिहून व्हायचंय."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. घेतलं होतं. पण तिने अर्ज केला त्याच्या एक पायरी खालच्या लेव्हलला. मोठ्या कंपन्यांत हे सर्रास होतं, आणि ते अनेकांना नकाराइतकंच लागतं. अभिनंदन करायला मी तोंड उघडणार तोच ती कडाडली, "सहा वर्षांचा अनुभव आहे माझा! त्यांनी मला वरच्याच लेव्हलला घ्यायला ह..."

वाक्य तिथेच तुटलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"ऐकलंत ना, मॅडम?"

"ऐकलं."

"मंगळवारी वेळ आहे का तुमच्याकडे?"