सिंगापूरला चाललात? गाडीचा हिशेब आधी असा मांडा

अभिनंदन! नवीन लोक गाडीची किंमत रुपयांत बदलून पुण्याच्या गाडीशी ताडून बघतात, तिथेच चुकतं. तिकडे खरा खर्च सीओईचा, म्हणजे गाडी बाळगायच्या परवान्याचा. तो लिलावात घ्यावा लागतो आणि 10 वर्षं चालतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या गाड्यांचा सीओई दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता, गाडी वेगळीच!

सेकंडहँड गाडी स्वस्त दिसली, तर सीओईची किती वर्षं उरलीत ते आधी विचारा. किमतीला तेवढ्या वर्षांनी भागा, मग तुलना करा.

सुरुवातीला एवढंच बघा:
- महिन्याचा एकूण आकडा: हप्ता, विमा, रोड टॅक्स, ईआरपीचा (गर्दीच्या रस्त्यांवर आपोआप कापला जाणारा) टोल आणि पार्किंग (घरचं धरून ऑफिसचं विसरतात).
- घाई नको. पहिले काही महिने एमआरटी (तिथली मेट्रो) आणि बसनं खुशाल फिरा, सोय उत्तम आहे.