वृद्धाश्रमाची जुनी इमारत दुरुस्त करून वाढवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

वर मजला चढवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारत दाखवा. पण माझं मत विचाराल तर पहिला पैसा संडास-बाथरूमवर घाला. माझी आत्या ज्या आश्रमात होती तिथे ती उठताना बेसिनला धरायची. एके दिवशी बेसिनच भिंतीतून निघून आलं. भिंतीत पक्के बसवलेले दांडे, न घसरणारी फरशी, उंबरा नाही, आणि दार बाहेर उघडणारं हवं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी ठेवा, व्हीलचेअर सहज जाते. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून चढा नको.

नव्या खोल्यांसाठी बांधकाम परवानगी आणि अग्निशमनचा दाखला काम सुरू व्हायच्या आधीच बघा.

एका वेळी एकच भाग तोडा. आजी-आजोबांना हलवावं लागलं तर त्यांची कॉट, देवाचा फोटो आणि शेजारच्या कॉटवरची मैत्रीणही सोबत जाऊ द्या. स्मृतिभ्रंश असलेल्यांना खोली बदलली की रात्री संडास सापडत नाही; तिथला दिवा रात्रभर चालू ठेवा.