घरात 'कट'बंदी लागू केली, त्याची गोष्ट

तुमचा मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतो, पण दर वाक्यात चार इंग्रजी शब्द. घरच्या घरी खेळून त्याचे शब्द वाढतील का, असं तुम्ही विचारलंय. वाढतात, पण मोठी माणसं त्यात कशी खेळतात यावर बरंच अवलंबून आहे. हे मला वर्षभर चुकीचं खेळल्यावर कळलं.

आम्ही शब्दांच्या भेंड्यांपासून सुरुवात केली. गाडीत बसलं की सुरू. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा आणि 'ण' आला तर 'न', कारण त्या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. महिनाभरात लेकीचे शब्द ठरून गेले. 'र'ला रबर, 'ट'ला टमाटा, 'स'ला ससा. तिच्यावर भेंडी चढू नये म्हणून मीही सोपं अक्षर येईल असेच शब्द द्यायचे. म्हणजे दोघी मिळून तिला येत असलेलेच शब्द घोळवत बसलो होतो. भेंड्यांनी शब्द चटकन आठवायची सवय लागते, ते चांगलंच आहे. पण नवा शब्द कुणीतरी टाकल्याशिवाय येणार कुठून?

तो टाकला सासऱ्यांनी. ते खेळायला बसले की नातीचीसुद्धा गय करत नाहीत. नाव-गाव-फळ-फूलमध्ये दोघांनी एकच शब्द लिहिला तर पाच-पाच गुण, वेगळा लिहिला तर दहा, हे तुम्हीही लहानपणी खेळला असाल. 'त' आला होता. लेकीचा फुलाचा रकाना रिकामा, माझी तगर, आजोबांचा तेरडा. "असं फूलच नसतं," म्हणून ती अडून बसली. त्या वर्षी गौरी आणताना त्यांनी तिला तेरड्याची पिकलेली बोंडं दाखवली आणि एक चिमटीत धरायला लावलं. ते फट्कन फुटून बिया उडाल्या तशी ती किंचाळली, आणि मग उरलेली सगळी फोडून टाकली. पुढे बाबांनी जोरात सुरू केलेला व्यायाम आठवड्यात सोडला, तेव्हा "तेरड्याचा रंग तीन दिवस" हे तिनेच ऐकवलं.

तेव्हापासून नियम असा, की शब्द टाकणाऱ्याने तो दाखवायचा किंवा समजावून सांगायचा, नाहीतर गुण नाहीत. मोठ्यांनाही सूट नाही. 'फळ' म्हणून आजोबांनी एकदा तिरफळ लिहिलं. बांगड्याच्या आमटीत घालतात ते फळ की मसाला, यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी बरणी उघडून सगळ्यांनी वास घेतला आणि पाच गुणांवर तडजोड झाली.

पण आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला खेळ कागदावरचा नाही. त्याचं नाव 'कट'बंदी. स्वयंपाकघरात कुणी "कट कर" म्हणालं की एक गुण वजा. मग लेकीला कळायला लागलं की कांदा चिरतात, कागद कातरतात, फांदी छाटतात, ऊस तोडतात, मेथी खुडतात, नखं मात्र कापतात. खोबरं किसतात, पण ओला नारळ खवतात. एका 'कट'च्या पोटात इतकी क्रियापदं मारली जातात, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कपड्यांचंही तसंच. साडी नेसायची, शाल पांघरायची, फेटा बांधायचा, गजरा माळायचा. मध्यंतरी मीच फोनवर "साडी घालून येते" म्हणाले तर आतल्या खोलीतून "आई, वजा एक!" असं ओरडणं आलं.

एक सावधगिरी. घरात वेगवेगळ्या भागांतली माणसं असतील तर 'बरोबर शब्द कोणता' यावर अडू नका. माझी जाऊ नागपूरची. तिच्या तोंडी कोथिंबीर म्हणजे सांभार. लेक आधी हसली, तिला डोशाबरोबरचं सांबार वाटलं. आम्ही दोन्ही शब्द चालवले आणि जावेला दहा गुण दिले. मुलांच्या शब्दाला हसणंही टाळा. माझी मुलगी चुकून 'मेथी कातर' म्हणाली तेव्हा दीर मोठ्याने हसले, तर दोन दिवस ती खेळायलाच आली नाही.

वेळ दहा-पंधरा मिनिटं पुरे. वही घालून शब्द उतरवून घेऊ नका. मी ते करून पाहिलं आणि खेळाचा गृहपाठ झाला. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी बजावून ठेवा की मुद्दाम हरायचं नाही.

आज 'कट'बंदीने सुरुवात करणार असाल तर बाजारातून मेथीची जुडी आणा. भेंडी आणली तर मजा नाही, ती नुसती चिरायचीच.