जुना ब्लॉग, जुनी अक्षरं : वाचकांचे प्रश्न

ब्लॉगस्पॉट, ऑर्कुट आणि गूगल रीडरच्या काळातल्या लेखनाबद्दल सातारा-सांगलीकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. उत्तरांतले वेबचे पत्ते देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, मध्ये जागा न सोडता टाकावेत.

प्रश्न : माझे वडील मिरजेत सतारी-तंबोरे बनवायचे. भोपळा कसा निवडायचा इथपासून जवारी (नाद खुलवण्यासाठी तारांखालच्या घोडीला दिलेली घासणी) कशी काढायची इथपर्यंत त्यांनी २००८ ते २०१३ या काळात ब्लॉगस्पॉटवर फोटोंसह लिहिलं. ते आता नाहीत, पासवर्ड कुणाला माहीत नाही. एका स्मरणिकेत छापलेला ब्लॉगचा पत्ता टाकला तर पान उघडत नाही. सगळं गेलं का? (मिरज)

गेलं असं इतक्यात धरू नका. छापलेल्या पत्त्याचा शेवट '.इन' असा आहे का ते आधी बघा. २०१२ पासून भारतातल्या वाचकांना गूगल ब्लॉगस्पॉट.कॉमवरून ब्लॉगस्पॉट.इनवर वळवत असे. लोकांनी ब्राउझरमध्ये दिसला तोच पत्ता उतरवून घेतला, पत्रिकांत आणि स्मरणिकांत छापला. २०१८ मध्ये हे वळवणं बंद झालं आणि २०२० मध्ये ते '.इन' नावच गूगलच्या हातून गेलं. ब्लॉग मात्र '.कॉम'वर होता तिथेच असतो. '.इन' खोडून '.कॉम' टाका. आमच्याकडे 'ब्लॉग गेला' म्हणून येणाऱ्या पत्रांत हे कारण वारंवार निघतं.

ब्लॉग उघडला की त्याच दिवशी प्रत काढा. पासवर्ड नसला तरी ती काढता येते, कारण ब्लॉगचं फीड, म्हणजे त्यातल्या नोंदींची आपोआप बनणारी यादी, सर्वांना खुलं असतं. ब्लॉगच्या पत्त्यापुढे '/फीड्स/पोस्ट्स/डिफॉल्ट' जोडा. नुसतं एवढंच टाकलं तर शेवटच्या २५ नोंदी मिळतात, म्हणून पुढे '?मॅक्स-रिझल्ट्स=१५०' लावा. पानभर कोड दिसेल, पण मराठी मजकूर त्यातच असतो. कंट्रोल आणि एस दाबून फाइल साठवा. मग त्याच पत्त्याला '&स्टार्ट-इंडेक्स=१५१' जोडून पुढच्या १५० नोंदी घ्या, मग ३०१ पासून पुढच्या. पत्ता भलतीकडे, फीडबर्नर या फीड वाटणाऱ्या सेवेकडे पळाला तर '&रिडायरेक्ट=फॉल्स' जोडा. फाइलीच्या सुरुवातीलाच 'टोटलरिझल्ट्स' या शब्दाशेजारी एकूण नोंदींचा आकडा असतो. तो आणि तुमच्याकडे उतरलेल्या नोंदी जुळल्या पाहिजेत.

इथे दोन अडचणी येऊ शकतात. वडिलांनी सेटिंगमध्ये फीड 'शॉर्ट' ठेवलं असेल तर प्रत्येक लेखाच्या सुरुवातीच्या ओळीच मिळतील. तसं झालं तर महिन्यांची यादी उघडून एकेक पान साठवण्याला पर्याय नाही. दुसरी अडचण फोटोंची. फीडमध्ये फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. पानावर दिसतो तो फोटो छोटा केलेला असतो. फोटोवर उजवी क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि त्याचा पत्ता नीट वाचा. मध्ये कुठेतरी दोन तिरक्या रेघांमध्ये 'एस३२०' किंवा 'एस४००' असं सापडेल. तिथे 'एस०' लिहून एंटर दाबा. जेवढ्या मोठ्या आकारात फोटो गूगलकडे साठवला आहे तेवढा समोर येतो. जवारीसाठी घोडी घासतानाचा फोटो ३२० पिक्सेलमध्ये नुसता पांढरट डाग दिसतो. मोठ्या आकारात तारेखालची फट आणि कानसेचे ओरखडे मोजता येतील. अशा ब्लॉगची खरी किंमत त्या फोटोंत आहे, म्हणून हे कंटाळवाणं काम टाळू नका.

घाई करायला सांगतो त्याला कारण आहे. दोन वर्षं ज्यात कुणी लॉग-इन केलं नाही असं वैयक्तिक खातं त्यातल्या मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे आणि डिसेंबर २०२३ पासून अशी खाती काढायला सुरुवात केली आहे. लोक ब्लॉग वाचतात म्हणजे खातं वापरात आहे असं धरलं जात नाही. निधन झालेल्या व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, त्याला मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड ते कुणालाही देत नाहीत, काही प्रकरणांत खात्यातला मजकूर देतात. अर्ज जरूर करा, पण प्रत काढायचं काम त्याच्या उत्तरावर अडवून ठेवू नका. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये महत्त्वाच्या लेखांचे पत्ते टाकून ठेवा. तुमच्या संगणकाची डिस्क गेली तरी ती पानं तिथे राहतील.

तुमच्या स्वतःच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावून ठेवा. किती महिन्यांनी कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे त्यात आधीच ठरवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं २००३ ते २००९ मधलं लेखन सीडीवर आहे. काही फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा, काहींत चौकोन, काहींत नुसती प्रश्नचिन्हं. दुरुस्त होईल का? (कराड)

हे तीन-चार वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. सगळ्या फाइलींवर एकच उपाय करू नका. आधी सीडीची प्रत काढा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फाँट नाही. विंडोज एक्सपीवर मराठीसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा आधार सीडी घालून वेगळा बसवावा लागे. तो नसेल तर अक्षरं मोडकी दिसत. तीच फाइल आजच्या संगणकावर किंवा फोनवर बहुतेक वेळा सरळ दिसते.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा येत असेल आणि मधूनमधून येन या जपानी चलनाचं चिन्ह दिसत असेल, तर तो युनिकोड (आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीतला) मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. 'सातारा' शब्दात तीन व्यंजनं आणि तीन काने मिळून सहा चिन्हं, म्हणून त्या जागी १८ खुणांची रांग दिसते. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंगच्या यादीतून आधी 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा, मग त्याच यादीत वर जाऊन 'युटीएफ-८' निवडा. मराठी परत येईल. मात्र 'ए', 'ऐ', 'झ', पहिला उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह, अशांचा शेवटचा बाइट अशा गोंधळात गळण्याची शक्यता असते. 'एक', 'ऐन', 'झाड', 'गुण' असे शब्द आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासा.

साध्या इंग्रजी अक्षरांचा कचरा असेल तर तो शिवाजीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर. त्या फाँटनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते, म्हणून फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठलेली आहेत. रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक फाँटची वाटणी वेगळी. मूळ फाँटचं नाव कळल्याशिवाय रूपांतर करू नका. वर्डच्या फाइलीत अक्षरांवर क्लिक केलं की फाँटच्या खिडकीत ते नाव दिसतं. रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार यांची जागा चुकते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठते आणि रफाराचा 'र' आधी. 'विद्यार्थी' आणि 'निर्मिती' हे शब्द शोधून बघा. ते बरोबर असतील तर रूपांतर बहुतांशी बरं झालं आहे.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला. कुणीतरी नोटपॅडमध्ये फाइल साठवताना 'एएनएसआय' हा मराठी न मावणारा जुना पर्याय ठेवला, विंडोजने दिलेल्या इशाऱ्यावर 'ओके' दाबलं आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. त्यातून मराठी काढणारं साधन नाही. छापील अंक शोधा.

प्रश्न : ऑर्कुटवरची आमच्या शाळेची कम्युनिटी आणि स्क्रॅप (एकमेकांच्या पानावर लिहिलेले निरोप) परत मिळतील? (सांगली)

नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. स्वतःचं प्रोफाइल, स्क्रॅप आणि फोटो उतरवून घ्यायची सोय सप्टेंबर २०१६ पर्यंत होती. बघण्यासारखी एक जागा राहते, ती म्हणजे तुमची जुनी मेल. स्क्रॅप आला की ऑर्कुट मेल पाठवत असे. जीमेलच्या शोधात 'ऑर्कुट' इंग्रजी अक्षरांत टाका, कचरापेटी सोडून बाकी सगळी लेबलं बघा.

प्रश्न : गूगल रीडर होतं तेव्हा तीस-चाळीस ब्लॉग एका जागी वाचत होतो. आता फेसबुकवर दिसेल तेवढंच वाचलं जातं. पूर्वीसारखं काही आहे का? (सातारा)

१ जुलै २०१३ ला रीडर बंद झालं, पण ज्या फीडवर ते चालत होतं ती फीडं चालूच आहेत. फीडली किंवा आयनोरीडर घ्या. संगणकावरच वाचणार असाल तर थंडरबर्डही चालतं. ब्लॉगस्पॉटचा ब्लॉग असेल तर वर मिरजेच्या उत्तरात दिलेला फीडचा पत्ता, वर्डप्रेस असेल तर ब्लॉगच्या पत्त्यापुढे '/फीड'. फीडबर्नरचा जुना पत्ता तुमच्या यादीत असेल तर तो काढून मूळ ब्लॉगचं फीड टाका, मधला दलाल नको.

कासच्या फुलांवर लिहिणारा एखादा ब्लॉग ऑगस्ट ते ऑक्टोबर भरभरून लिहितो आणि मग नऊ महिने गप्प असतो. असे ब्लॉग रोज उघडून कोण बघणार? फीड नेमकं त्यांच्यासाठी हवं. यादी झाली की 'ओपीएमएल' फाइल उतरवून ठेवा. उद्या हे ॲपही बंद झालं तर ती फाइल दुसऱ्या वाचकात टाकली की सगळे ब्लॉग तिथे हजर.

प्रश्न : वाईचे घाट, मेणवलीचा वाडा यांवर लिहायचं आहे. ब्लॉगर की वर्डप्रेस? (वाई)

एकट्याने लिहायचं आणि खर्च नको असेल तर ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉटच. पहिला लेख टाकण्याआधी दोन गोष्टी करा.

सेटिंगमध्ये टाइम झोन बघा. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असेल तर आपण साडेबारा ते साडेतेरा तास पुढे, म्हणजे दसऱ्याच्या सकाळी टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडते. कोलकात्याची वेळ निवडा.

दुसरी गोष्ट लेखाच्या पत्त्याची. मराठी शीर्षकातून ब्लॉगरला पत्ता बनवता येत नाही, तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडा असा बनतो. शंभर लेख झाल्यावर कुठला पत्ता कशाचा, तुम्हालाही कळणार नाही. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये 'मेणवली-घाट' असं इंग्रजी अक्षरांत लिहा. ही सोय नव्हती तेव्हा लोक इंग्रजी शीर्षक देऊन लेख प्रसिद्ध करत आणि मग शीर्षक मराठी करत. पत्ता पहिला होता तोच राही. वर्डप्रेसमध्ये मराठी पत्ता बनतो, पण पाठवताना प्रत्येक चिन्हाच्या नऊ खुणा होतात, एकट्या 'सातारा'च्या ५४. पत्त्याला २०० खुणांची मर्यादा असल्यामुळे लांब मराठी शीर्षक साधारण २२ चिन्हांनंतर तुटतं. तिथेही इंग्रजी अक्षरांतला छोटा पत्ता द्या.

वर्डमधला मजकूर चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर वर्डचे छुपे आकार-फाँट सगळे सोबत येतात. अभिप्रायांची तपासणी 'समटाइम्स'वर ठेवा. १४ दिवसांपेक्षा जुन्या लेखांवरचे अभिप्राय तेवढे तुमच्या परवानगीसाठी थांबतात, आणि जाहिरातबाज लोक सहसा जुन्याच लेखांवर येतात.

प्रश्न : माझ्याच ब्लॉगवर 'ॲप' शोधलं की निम्मेच लेख येतात. (विटा)

कारण तुमचे निम्मे 'ॲ' वेगळे आहेत. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्याला चंद्र जोडत, आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालत. डोळ्यांना सगळं सारखंच, शोधयंत्राला वेगळं. जुन्या लेखातला 'ॲ' कॉपी करून 'शोधा'च्या चौकटीत टाका आणि नवीन 'ॲ'ने बदला. तेच 'ऱ्या'चं. तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो, त्यातली एक तऱ्हा त्याच अदृश्य जोडचिन्हावर उभी असते. म्हणून कुणी 'सगळी अदृश्य चिन्हं एका फटक्यात काढून टाका' असं सांगितलं तर तसं करू नका. त्या चिन्हाविना अर्ध्या 'र'चा रफार होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. आधी 'ऱ्या', 'ऱ्ह' असे शब्द एकेक करून नव्या तऱ्हेत बदला, मग उरलेली चिन्हं काढा.