मोडायला एफडी आहेच कुठे?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 56, राज्य सरकारी नोकरी, दोन वर्षांनी निवृत्ती, मुलं कमावती. छंद जुन्या लष्करी खंजिरांचा. घरात 14 नग, त्यांच्या हिशोबानं किंमत 9 लाख. आता दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश कमांडो खंजीर 1 लाख 80 हजारांत मिळतोय, वीस हजार बयाणा दिलाय. प्रश्न असा: 'बँकेतल्या एफडीत दरवर्षी दीड लाख भरतो, तीन वर्षं झाली. ती मोडून घेऊ का?'

साहेब, एफडीत पैसे एकदाच ठेवतात. तुमच्याच पत्रात आहे: दरवर्षी हप्ता, 'दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी 27 लाख', सोबत 15 लाखांचं विमाकवच. ही विम्याची पॉलिसी आहे. बँकेच्या काउंटरवर एफडी म्हणून गळ्यात मारलेली. खंजिराचं पातं भिंग लावून बघणाऱ्या माणसानं या कागदाचं पहिलं पानही वाचलेलं दिसत नाही.

हिशोब बघा. 15 लाख भरून 27 लाख म्हणजे परतावा चार टक्क्यांच्या आसपास. उरले सात हप्ते, त्यातले पाच पेन्शनमधून. आज मोडलीत तर भरलेल्या साडेचार लाखांपैकी किमान हमी साधारण 35 टक्के, दीड लाखाच्या थोडं वर. कंपनी जास्तही देऊ शकते. तीन लाख बुडाले म्हणून हात आखडू नका. हे दीड लाख आणि पुढचे सात हप्ते सात टक्क्यांवर ठेवले, तर तुमच्या 73 व्या वर्षी साधारण 32 लाख होतात. तुमचं पीपीएफ खातं आहेच, तिथे सध्या 7.1 टक्के मिळतात. पॉलिसी चालू ठेवली तर 27 लाखच.

तेव्हा शाखेतल्या गोड बोलणाऱ्या पोरांना विचारत बसू नका. सरेंडर मूल्य (आज मोडली तर हातात येणारी रक्कम) आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी कमी झालेली रक्कम, म्हणजे पेड-अप, किती, हे विमा कंपनीकडून लेखी मागा. सोबत 'एफडी सांगून विकली' अशी तक्रारही द्या. दाद लागली नाही तर विमा नियामकाचं तक्रारींचं विमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. चौथा हप्ता मार्चमध्ये आपोआप कापला जाईल, त्याआधी बँकेला थांबवायला सांगा.

आता खंजीर. विक्रेता म्हणतो, 1941 चा पहिल्या घडणीचा फेअरबेर्न-साइक्स (या कमांडो खंजिराचं नाव), विल्किन्सन कंपनीचा. तुम्हीच लिहिता की आडवी पट्टी इंग्रजी एससारखी वळलेली आहे आणि मुठीवर गोल वळी आहेत. पहिल्या घडणीत वळलेली पट्टी होती खरी, पण मुठीवर चौकड्यांची खरखरीत नक्षी. 1942 च्या दुसऱ्या घडणीत पट्टी सरळ झाली. वळ्यांची ओतीव मूठ तिसऱ्या घडणीची, तीही सरळ पट्टीसोबत. म्हणजे दोन-तीन नगांचे अवयव एकत्र कसलेत, किंवा सगळंच नवं आहे. मुठीच्या टोकाच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का बघा. पातं काळवंडलेलं आणि पट्टी चकचकीत दिसली तर जोडकाम समजा; गंज सगळीकडे सारखा पसरलेला दिसला तर तो ॲसिडचा प्रताप. खऱ्या गंजाला एवढी शिस्त नसते. विक्रेता नट उघडून पात्याचा मुठीतला दांडा दाखवायला तयार नसेल तर बोलणं तिथेच संपवा.

आणि ते 9 लाख? ती विक्रेत्यांनी सांगितलेल्या किमतींची बेरीज आहे. नागपुरात उद्या 14 खंजीर रोख घेणारा कोण, त्याचं नाव सांगा. तुमच्या पत्रातलं 'वर्षाला 12 टक्के वाढ' हे कुणी सांगितलं तेही सांगा. बहुतेक विकणाऱ्यानंच. निवृत्तीच्या हिशोबात ही रक्कम शून्य धरा. छंद म्हणून ठेवा, माझी काही हरकत नाही.

बयाणा परत मागा. दिला नाही तर वीस हजारांवर सुटलात समजा, उरलेले 1 लाख 60 हजार वाचले.