ठाण्यातून पळून गेलेल्या १९ वर्षांच्या मुलीमुळे २० वर्षांच्या मुलाला अटक होऊ शकते का? (स्वतंत्र क्राइम थ्रिलरच्या पटकथेसाठी)

नाही, मुलगी १९ची असेल आणि स्वखुशीने गेली असेल, तर केवळ पळून जाण्यासाठी मुलाला अटक होत नाही. मी ठाण्यात फौजदारी वकिली करतो. घरच्यांनी तक्रार दिली की सज्ञान मुलीची ‘मिसिंग’ नोंद होते. ती सापडली की पोलीस तिचा जबाब घेतात. ‘मी माझ्या मर्जीने आले’ असं तिने सांगितलं, तर तिला जबरदस्तीने घरी पाठवता येत नाही. मुलाचं लग्नाचं वय २१, म्हणून लग्नाला अडचण आहे. पण दोघे सज्ञान असल्याने लग्नाशिवायही एकत्र राहू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलीचं वय मात्र १७ केलंत, तर अख्खी कथा बदलेल: भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा, शारीरिक संबंध असतील तर पोक्सोही (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा), आणि तिथे तिची संमती धरली जात नाही.

थ्रिलरसाठी मला खरा ताण दुसरीकडे दिसतो. घरचे अनेकदा ‘दागिने घेऊन पळाली’ अशी चोरीची फिर्याद देतात, आणि त्यात मुलालाही गोवता येतं. जोडपं कळव्याहून ऐरोलीत गेलं की ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाची हद्द संपून नवी मुंबईची सुरू होते. पण त्यामुळे ते सुटले असं कृपया दाखवू नका. दोन्हीकडचे पोलीस एकमेकांना कळवतात.